स्काउटवरून ब्लॅक हिल्स

पहिला दिवस : मिनिअॅपोलिस ते सू फॉल्स

मध्यम आकाराच्या क्रूझरवर, म्हणजे बुटक्या, ऐसपैस बैठकीच्या मोटरसायकलवर, लांबचा प्रवास करावा की नाही, यावर अमेरिकेतल्या मोटरसायकलवाल्यांचे एकमत होणे कठीण आहे. लांब जायचे असेल तर मोठी टूरिंग गाडीच हवी, असे मानणारे बहुसंख्य आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. माझ्याकडे इंडियन कंपनीची स्काउट आहे : 1133 सीसीचे, पाण्याने थंड राहणारे व्ही-ट्विन (व्ही अक्षरासारखे मांडलेल्या दोन सिलिंडरांचे) इंजिन, सुमारे 100 अश्वशक्ती, भरल्या टाकीसह अडीचशे किलोंच्या आसपास वजन. पुण्याच्या रस्त्यावर ही गाडी अवाढव्य वाटेल. येथे पावणेचारशे-चारशे किलोंच्या गाड्या सर्रास दिसतात, त्यांच्या शेजारी उभी केली की ती सडपातळ दिसते. तिच्यावरून साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत जाऊन यायचे, हे मी गाडी घेतली तेव्हापासून मनात धरले होते.

गाडी 2016 सालची असून मी ती वापरलेली घेतली. घेताना सर्वांत आधी पाहिली ती सीटची उंची. स्काउटची सीट जमिनीपासून 25 इंचांच्या थोडी वर आहे. माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही तळवे सपाट टेकतात, आणि भरलेल्या सॅडलबॅगांसह उतारावर गाडी मागे घेताना त्याचे मोल कळते. दुसरे म्हणजे चेनऐवजी पट्टा, म्हणजे बेल्ट ड्राइव्ह. तेल घालणे नाही, काळे डाग नाहीत; फक्त पट्टा आणि चक्राच्या दात्यांमध्ये खडा अडकला नाही ना, हे अधूनमधून वाकून पाहावे लागते, कारण एक टोकदार खडा पट्ट्याला भोक पाडू शकतो.

सू फॉल्सला जायचा सरळ रस्ता सोडून मी मॅन्केटोवरून आयोवातल्या स्पिरिट लेकला उतरलो, कारण माझी गाडी तेथे जोडली गेली. मूळची इंडियन कंपनी 1901 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जॉर्ज हेंडी या सायकल शर्यतपटूने ऑस्कर हेडस्ट्रॉमला हाताशी धरून उभी केली. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखलेली पहिली स्काउट 1920 च्या मॉडेलची. स्प्रिंगफील्डचे उत्पादन 1953 मध्ये बंद पडले, नाव बरीच वर्षे या हातातून त्या हातात फिरत राहिले, आणि 2011 मध्ये ते मिनेसोटातल्या पोलारिसने घेतले. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल बनवून मोठी झालेली ही कंपनी माझ्या घरापासून फार लांब नाही. स्पिरिट लेकमध्ये तिच्या व्हिक्टरी मोटरसायकली आधीपासून तयार होत होत्या. तेथेच इंडियनची जुळणी सुरू झाली. तळ्याकाठचे छोटेसे गाव, भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेते, आणि त्यातच हा कारखाना. मी बाहेरूनच पाहिला. ज्या यंत्रावर आपण तासन्‌तास बसतो ते कोठल्या हवेत, कोठल्या मातीशेजारी घडले हे पाहून घ्यावे, असे मला वाटते.

संध्याकाळी सू फॉल्सला माझा मित्र भेटला. मूळचा सांगलीचा, आता डे मॉइनला असतो, आणि त्याच्याकडे हार्लेची रोड ग्लाइड आहे : 1746 सीसी, जवळजवळ 390 किलो. पुढचे सगळे दिवस या दोन गाड्या शेजारी शेजारी चालणार होत्या. बिग सू नदी गुलाबी क्वार्ट्‌झाइटच्या पायऱ्यांवरून जेथे खाली येते तेथे आम्ही बसलो, आणि त्याच्या बायकोने दिलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी संपवली.

दुसरा दिवस : सू फॉल्स ते वॉल

साउथ डकोटाच्या मैदानी भागात आय-90 या महामार्गावर कायदेशीर वेगमर्यादा ताशी 80 मैल आहे, म्हणजे 128 किलोमीटरहून थोडी जास्त. रस्ता रुळासारखा सरळ, दोन्ही बाजूंना गवत, आणि वारा. या प्रदेशात वाऱ्याला अडवणारे काही नाही. स्काउटला मी काढता-घालता येणारी विंडशील्ड बसवली आहे, तरी ट्रकला ओलांडून पुढे निघताना बाजूचा वारा एकदम खांद्यावर येतो आणि हँडल हलके दाबून गाडी सरळ ठेवावी लागते. हे दाबणे दोन्ही हातांच्या मुठी आवळून करू नये. कोपर सैल, गुडघे टाकीला लागलेले, आणि ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या मुठीवर पुढच्या दिशेने किंचित दाब. गाडी आपोआप वाऱ्याकडे झुकून चालते. ज्यांचे हात तासाभरात भरून येतात त्यांची मूठ बहुधा आवळलेली असते.

खरा प्रश्न पेट्रोलचा आहे. स्काउटची टाकी साडेबारा लिटरची. शांतपणे, दुपदरी रस्त्यावर ती एका लिटरला वीसहून अधिक किलोमीटर देते; 80 मैलांच्या वेगाने, वारा समोरून असताना, तेच सतरा-अठरावर येते. म्हणजे सव्वाशे मैलांच्या आसपास पंप गाठलाच पाहिजे, आणि मनाच्या शांतीसाठी शंभराला. मित्राच्या गाडीत पावणेतेवीस लिटर मावतात. त्याने एकदा भरले की मी दोनदा भरायचे, असा हिशेब पडला. पहिल्या थांब्यावर तो म्हणाला, "तुझ्यामुळे माझी पाठ सरळ होते, नाहीतर मी थांबलोच नसतो." हे त्याने मनापासून म्हटले होते, आणि मलाही ते पटते. टाकी लहान असल्याने माणूस दर दीड तासाला खाली उतरतो, पाणी पितो, चार पावले चालतो, आणि संध्याकाळी त्याच्या अंगात थोडी ताकद उरते.

पंपावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात सर्वांत स्वस्त पेट्रोल 85 ऑक्टेनचे मिळते. (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता.) स्काउटच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, 10.7 ला 1 असे जास्त आहे आणि तिला 91 चे पेट्रोल द्यावे, असे कंपनीचे सांगणे आहे. (ऑक्टेन मोजण्याची अमेरिकेतली रीत वेगळी असल्यामुळे येथले 91 हे आपल्याकडच्या साधारण 95 च्या जोडीचे.) उंचावरच्या विरळ हवेत 85 चालून जाते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, जुन्या कार्ब्युरेटरच्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना ते लागूही असेल. माझ्या गाडीला मी ते एकदाही देणार नाही. म्हणून 91 असलेला पंप कोणत्या गावात आहे हे आदल्या रात्री पाहून ठेवायचे, हा या प्रवासाचा नित्यक्रम झाला.

मिचेलला कॉर्न पॅलेस पाहिला. मक्याच्या रंगीत कणसांनी भिंतींवर चित्रे काढलेली ही इमारत आहे, आणि ती चित्रे वेळोवेळी नव्याने केली जातात. चेंबरलेनला मिझुरी नदी आडवी आली. नदीच्या वरच्या टेकडीवर 'डिग्निटी' हा 50 फुटी पुतळा आहे : अंगावर चांदण्यांच्या नक्षीची गोधडी पांघरलेली मूळ निवासी स्त्री, डेल लॅम्फिअर या शिल्पकाराने 2016 मध्ये उभारलेली. नदी ओलांडली की शेती मागे पडते, गुरांची कुरणे सुरू होतात आणि जमीन लाटांसारखी वरखाली होऊ लागते. मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे येते. वॉल गावाच्या कितीतरी मैल आधीपासून वॉल ड्रगच्या पाट्या दिसत राहतात. हे 1931 मध्ये हस्टेड दांपत्याने घेतलेले औषधाचे दुकान; ओसाड रस्त्यावरच्या तहानलेल्या प्रवाशांना बर्फाचे पाणी फुकट, अशी पाटी त्यांनी लावली आणि दुकान चालू लागले. पाणी अजूनही फुकट आहे आणि खरोखरच गार आहे.

तिसरा दिवस : बॅडलँड्स

सकाळी वॉलहून दक्षिणेला पिनॅकल्स प्रवेशद्वारातून बॅडलँड्समध्ये शिरलो. सपाट गवताळ जमीन एकाएकी संपते आणि खाली मातीचे सुळके, घळी, पिवळे-तांबडे पट्टे असलेल्या टेकड्या पसरलेल्या दिसतात. हा दगड इतका मऊ आहे की पावसाने वर्षाला सरासरी एक इंच झिजतो. पूर्वीच्या प्राण्यांचे जीवाश्म याच झिजेतून वर येत राहतात.

मोटरसायकलवरून या रस्त्याचा खरा लाभ वासाचा आहे. रात्री शिडकावा झाला होता. ओल्या मातीचा आणि रानटी सेज झुडपाचा उग्र वास उन्हाबरोबर वर येत होता, आणि उतारावर गाडी खाली गेली की हवा दोन-तीन अंशांनी थंड लागत होती. येथे ताशी 35-40 मैलांनी, चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाला आपल्या चालीने चालू द्यावे. एका वळणाआधी रस्ता दुरुस्तीसाठी खणलेला होता आणि खडी पसरली होती. क्रूझरचे वजन खाली असते, पुढचे चाक लांबवर असते. खडीवर ती डगमगते, पण थ्रॉटल स्थिर ठेवला आणि पुढच्या ब्रेकला हात लावला नाही की पार होते. पलीकडे थांबून मी पट्टा तपासला. चक्राच्या दात्यांत वाटाण्याएवढा पांढरा खडा रुतून बसला होता. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो काढून टाकला आणि पट्ट्यावर बोट फिरवून पाहिले. चरा नव्हता.

इंटीरिअर गावाहून 44 क्रमांकाचा रस्ता धरून आम्ही रॅपिड सिटीला आणि तेथून कस्टरला गेलो. जो हा रस्ता सोडून आय-90 ने जातो तो फार काही गमावतो, एवढेच सांगतो.

चौथा दिवस : नीडल्स आणि आयर्न माउंटन

या दिवसासाठी सगळा प्रवास होता.

ब्लॅक हिल्समधले हे दोन्ही रस्ते पीटर नॉर्बेक या माणसाच्या हट्टाने झाले. तो साउथ डकोटाचा गव्हर्नर आणि पुढे सिनेटर होता. नीडल्स हायवेची आखणी करताना तो स्वतः पायी आणि घोड्यावरून हिंडला, आणि येथे रस्ता होणार नाही असे सांगणाऱ्यांना न जुमानता 1922 मध्ये हा चौदा मैलांचा रस्ता पुरा झाला. ग्रॅनाइटच्या सुयांसारख्या सुळक्यांमधून तो जातो, आणि 'नीडल्स आय' हा बोगदा तर जेमतेम आठ फूट रुंद आहे. नॉर्बेकला वेगाचा रस्ता नको होता. लोकांनी सावकाश जावे, बघत जावे, यासाठी त्याने वळणे मुद्दाम ठेवली.

आणि वळणांवर दोन गाड्यांमधला फरक कळला. आपल्याकडच्या वरंधा घाटात मी शंभर सीसीच्या गाडीवर शिकलो. तेथे आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावीकडचे वळण आवळ येते, अमेरिकेत उजवीकडचे. इतकी वर्षे येथे चालवूनही उतरणीवरच्या उजव्या 'हेअरपिन'ला, म्हणजे केसाच्या आकड्यासारख्या उलट्या वळणाला, मी आधीच वेग कमी करून, दुसऱ्या गिअरला येऊन, वळणात शिरण्यापूर्वीच नजर वळण जेथे संपते त्या टोकावर लावतो. स्काउटच्या दोन चाकांमधले अंतर 1562 मिलिमीटर आहे, पुढचा काटा 29 अंशांनी कललेला आहे. अशी गाडी आवळ वळणात आपोआप शिरत नाही, तिला न्यावे लागते. मागचा ब्रेक हलकासा धरून ठेवायचा, क्लच अर्ध्या ताणावर, इंजिनाची ओढ तुटू द्यायची नाही. इंजिन ही या गाडीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पारंपरिक अमेरिकन व्ही-ट्विनसारखा ते खालून धक्का देत नाही. 97 न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास कमाल होतो आणि तोपर्यंत तो सलग, गुळगुळीत वाढत जातो, म्हणून वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल निश्चिंतपणे उघडता येतो.

तिची मर्यादाही येथेच आहे. साधारण 31 अंशांपर्यंत झुकली की फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, रस्त्याला घासतात, आणि मागच्या सस्पेन्शनला फक्त तीन इंचांची चाल आहे. खड्डा आला की तो थेट कण्यात पोहोचतो. या किमतीच्या गाडीला याहून चांगले मागचे शॉक द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिल्व्हन तळ्यापाशी मित्राने किल्ली मागितली. तो माझी गाडी घेऊन नीडल्स आयपर्यंत जाऊन आला, हेल्मेट काढले, आणि तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "इथे माझ्या गाडीला मी वळवतो, आणि ही माझ्याबरोबर वळते." मी त्याची रोड ग्लाइड थोडी चालवली होती. सरळ रस्त्यावर तिच्यासारखे सुख नाही, हे मान्यच करावे लागेल. पण त्या बोगद्याच्या तोंडाशी, समोरून पाच-सहा गाड्या येत असताना, चढावर थांबून पुन्हा निघणे हे काम 250 किलोंच्या आणि 390 किलोंच्या गाडीवर सारखे नसते.

दुपारी कस्टर स्टेट पार्कमधल्या वाइल्डलाइफ लूपवर बायसनचा कळप रस्त्यात आला. या उद्यानात सुमारे तेराशे बायसन आहेत आणि सप्टेंबरअखेरीस घोडेस्वार त्यांना हाकत एकत्र आणतात. मोटारीतल्या माणसाला काच वर करता येते. आम्हाला तशी सोय नव्हती. इंजिने बंद केली आणि गाड्यांवरच बसून राहिलो. एक मादी माझ्या पुढच्या चाकापासून पंधरा फुटांवरून गेली. तिच्या खांद्यावरची लोकर झडून पुंजक्यांनी लोंबत होती, पाठीवर दोन लहान पक्षी बसले होते, आणि नाकपुड्यांतून येणारा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. मोठा नर शेपूट उभी करतो का यावर लक्ष ठेवावे, असे वनरक्षक सांगतात. शेपूट उभी राहिली की त्याचा राग वाढला आहे असे समजायचे. त्याची शेपूट खालीच होती. कळप सरेपर्यंत पाऊण तास गेला.

आयर्न माउंटन रोड आम्ही दक्षिणेकडून उत्तरेला केला, आणि तो तसाच करावा. सतरा मैलांत 314 वळणे, आणि लाकडी खांबांवर उभे केलेले 'पिगटेल' पूल, ज्यांवर रस्ता स्वतःच्याच खालून वर चढत गोल फिरतो. उत्तरेकडे जाताना अरुंद बोगद्यांच्या चौकटीत समोर माउंट रशमोर दिसते, आणि हे योगायोगाने नव्हे. बोगदे तसेच रोखून खोदले आहेत. गुट्झन बोर्ग्लम या शिल्पकाराने 1927 ते 1941 या काळात कोरवून घेतलेले चार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे ते चेहरे ज्या डोंगरावर आहेत, तो लाकोटा या मूळ निवासी लोकांना पवित्र आहे. 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्स त्यांना दिले होते. सोने सापडल्यावर काही वर्षांतच ते काढून घेतले गेले. भरपाई द्यावी असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये दिला, परंतु त्यांनी पैसे घेतलेले नाहीत, कारण त्यांना जमीन हवी आहे. या रस्त्यांवर आनंदाने गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एवढे ठाऊक असलेच पाहिजे.

पाचवा दिवस : डेडवुड, स्टर्जिस, स्पिअरफिश

कस्टरहून 385 क्रमांकाच्या रस्त्याने पाइनच्या जंगलातून डेडवुडला आलो. वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला 1876 मध्ये पत्ते खेळताना येथेच गोळी घातली गेली. गाव आता जुगारावर आणि पर्यटकांवर चालते, आणि मला तेथे फार वेळ थांबावेसे वाटले नाही.

स्टर्जिसचे मात्र तसे नाही. ऑगस्टमध्ये सुमारे सात हजार वस्तीच्या या गावात लाखो मोटरसायकली येतात. सप्टेंबरमध्ये मुख्य रस्ता जवळजवळ मोकळा असतो. या मेळाव्याला आज अनेक लोक हार्लेचा मेळावा समजतात, परंतु तो सुरू केला क्लॅरेन्स 'पॅपी' होएल या गावातल्या इंडियनच्या विक्रेत्याने. त्याच्या जॅकपाइन जिप्सीज या क्लबने 1938 च्या ऑगस्टमध्ये मातीच्या ट्रॅकवर शर्यत भरवली आणि पहिल्या वर्षी नऊ स्पर्धक उतरले. नवी स्काउटही 2014 मध्ये याच गावात, याच मेळाव्यात लोकांसमोर आणली गेली. मोटरसायकल संग्रहालयात जुन्या गाड्या पाहताना मला 1920 च्या स्काउटची आठवण होणे अपरिहार्य होते : 600 सीसीची, ताशी 55 मैलांच्या आसपास पळणारी गाडी, जिच्यावर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने अनेक दशके घरच्या घरी काम केले, आणि 1967 मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर ताशी 184 मैलांचा विक्रम केला. स्वतःच्या हाताने पिस्टन ओतणाऱ्या त्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे.

संध्याकाळी स्पिअरफिश कॅनियन. चुनखडीचे उभे कडे, खालून वाहणारा ओढा, आणि पिवळी पडू लागलेली बर्चची पाने. येथली वळणे लांब आणि मोकळी आहेत. कालच्या रस्त्याने गाडीला राबवले होते, येथे ती वाहत गेली.

सहावा दिवस : डेव्हिल्स टॉवर

वायोमिंगमध्ये शिरून अलाडिनवरून डेव्हिल्स टॉवरला जाऊन आलो. पायथ्यापासून 867 फूट उंच, उभ्या स्तंभांचा बनलेला हा कातळ थिओडोर रूझवेल्टने 1906 मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. भोवतालच्या पायवाटेवर झाडांना मूळ निवासींनी बांधलेली प्रार्थनेची कापडे दिसतात. त्यांना हात लावू नये. वाटेत थंडी इतकी वाढली की मुठी बधिर झाल्या. व्ही-ट्विनच्या मागच्या सिलिंडरची उष्णता, जी जुलैमध्ये मांडीला नकोशी होते, तिच्याबद्दल त्या दिवशी दोघांनीही गाडीला धन्यवाद दिले.

परतीचा रस्ता

वॉलला मित्र आय-90 ने पुढे गेला आणि मी 14 क्रमांकाच्या दुपदरी रस्त्याने फिलिप, पिअर, ह्यूरन, ब्रूकिंग्स असा परतलो. या रस्त्यावर 60-65 मैलांनी जाता येते आणि स्काउटला हाच वेग मानवतो. तीच टाकी तीस-पस्तीस मैल अधिक पुरली. फिलिप ते फोर्ट पिअर या टप्प्यात मात्र वस्ती फारच विरळ आहे, त्यामुळे फिलिपला टाकी अर्धी असली तरी भरून निघावे.

घरी आल्यावर ऑइल बदलले, पट्ट्याचा ताण मोजला, मागच्या टायरचा मधला भाग चपटा झालेला दिसला. हा टायर पुढच्या हंगामाआधी बदलावा लागेल. मागचे शॉक बदलण्याचेही नक्की केले आहे. थोडी अधिक चाल असलेले आणि माझ्या वजनाला साजेसे स्प्रिंग असलेले. मोठी टाकी बसवून देणारेही काही जण आहेत, परंतु टाकी आहे तशीच ठेवणार आहे. मित्राने विचारले की पुढच्या वर्षी बेअरटूथच्या डोंगरी महामार्गाला जायचे तर गाडी बदलणार का. मी त्याला रेड लॉज ते कुक सिटी या टप्प्यातल्या 91 च्या पंपांची यादी पाठवली.